सायलेन्सरचा पत्रा

आमच्या घरी एक सहाचाकी ट्रक होता. अण्णांनी तो घेतला तेव्हाच तो बारा वर्षांचा होता आणि दोन मालकांच्या हातून आला होता. लाकडी बॉडी, दाराला सुतळी, हॉर्नचा आवाज सर्दी झाल्यासारखा. पावसाळ्यात विटा-वाळू, आणि दिवाळी झाली की कारखान्याचा ऊस. कृष्णाकाठच्या आमच्या भागात तेव्हा ज्याच्याकडे ट्रक तो वाहतूकदार. कारखान्याशी करार करायचा, बीडकडच्या मुकादमाला उचल द्यायची, दहा-बारा कोयत्यांची टोळी आणायची आणि चार-पाच महिने गाडी फडातून काट्यावर आणि काट्यावरून फडात फिरवायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. माणसाला हत्याराच्या नावानं मोजायची ही रीत आम्हाला तेव्हा खटकत नव्हती, हेही इथंच सांगून टाकतो.

गोष्ट 1989-90 च्या हंगामातली आहे. मी कॉलेजात होतो आणि सुट्टीला गावी आलो होतो. त्या वर्षी ट्रकला एक खोड लागली. गाडी चालू करून उभी ठेवली की खालून खडखड आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून पोरानं वाजवावा तसा. गाडी वेगात आली की आवाज थांबायचा, चढावर गिअर बदलला की परत सुरू. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र गाडी रांगेत असायची. पुढची गाडी दोन पावलं सरकली की आपण दोन पावलं सरकायचं. त्यात ती खडखड. ड्रायव्हरमामा म्हणायचे, "डोस्क्यात खिळा ठोकल्यागत हुतंय."

अण्णांनी मला सांगितलं, "मामाला घिऊन मिस्त्रीकडं जा. काय वाजतंय ते बघ आन् नीट करून आण."

नीट करून आण. हे तीन शब्द मला पुढं फार वर्षं पुरले.

मिस्त्रीचं गॅरेज फाट्यावर होतं. दोन बाभळी, एक पत्र्याची शेड आणि तेलानं काळी झालेली जमीन. मिस्त्री अंगाखाली पोतं टाकून गाडीखाली गेला, पान्यानं दोन-तीन ठिकाणी ठोकलं आणि तिथूनच ओरडला, "सायलेन्सरचा पत्रा सुटलाय."

मीही खाली वाकून बघितलं. इंजिनापासून मागं जाणाऱ्या धुराच्या नळीवर आणि सायलेन्सरवर एक वाकवलेला पत्रा होता. नळीला चिकटलेला नव्हे, बोटभर अंतर ठेवून बसवलेला. चार बोल्टांपैकी दोन गेलेले, तिसऱ्याचं भोक गंजून लांबट झालेलं. त्यामुळं एका कडेनं पत्रा लोंबत होता आणि इंजिनच्या थरथरीबरोबर नळीवर आपटत होता.

मिस्त्रीनं मला त्या दिवशी बरंच समजावलं. नळी रोज तापते, फुगते, गार झाली की आकसते. पत्रा पातळ, तो लवकर तापतो आणि लवकर गार होतो. नळी जाड, ती सावकाश. दोघांची ओढाताण दिवसातून दहा वेळा चालते, आणि त्यात बोल्ट ढिला होतो. वरून चिखल, पाणी, गंज. मग भोक मोठं होतं आणि बोल्टाचं डोकं त्यातून आरपार जातं. आवाज ठरावीक वेळीच का येतो, तर झोपाळ्यासारखं. झोपाळ्याला त्याच्या झोक्याच्या वेळी धक्का दिला तरच तो चढतो, भलत्याच वेळी दिला तर अडतो. इंजिन सावकाश चालतं तेव्हाची थरथर आणि लोंबत्या पत्र्याचा झोका यांची वेळ जमते, म्हणून उभ्या गाडीत तो नाचतो.

"मग आता काय?" मी विचारलं.

"दोन रस्तं हायती," मिस्त्री म्हणाला. "एक, मोडलेलं बोल्ट काढायचं. रॉकेल टाकून तासभर मुरवायचं, तरीबी एखादा तुटणारच. मग तितं ड्रिल. भोकावर मोठा वायसर टाकायचा, म्हंजी पत्र्याला बसायला जागा मिळती. नट सगळा लोखंडी पायजे. प्लास्टिकचं कडं असलेला इथं चालत न्हाई, वितळतंय. वरनं दोन लोखंडी पट्ट्या आवळायच्या. अर्धा दिस जाईल, साठ रुपये हुतील."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हंजी, ऱ्हायलेलं दोन बोल्ट तोडायचं आन् पत्रा काढून टाकायचा. पाच मिंटं. च्या पाजा."

त्या दिवशी तालुक्याला एक सिनेमा लागला होता. मित्र स्टँडवर वाट बघत होते. मी विचारलं, "काढला तर गाडीला काय होतंय का?"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. "गाडीला काय न्हाई हुत," तो म्हणाला. गाडीला या शब्दावर त्यानं जोर दिला होता की मला तो आज तसा ऐकू येतो, हे खात्रीनं सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "टाका काढून."

छिन्नीचे चार घाव. पत्रा खाली पडला. मिस्त्रीनं तो भंगारावर फेकला. गाडी चालू केली तर काय शांत! मामांच्या तोंडावरही हसू आलं. घरी येऊन अण्णांना सांगितलं, "झालं नीट." अण्णांनी दिलेले पैसे माझ्या खिशात राहिले. त्यांचा सिनेमा झाला आणि भेळ झाली.

पत्र्याचं काम काय होतं ते मला कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण ती खोटी आहे. गाडीखाली वाकलो होतो तेव्हा तोंडावर धग येत होती. शास्त्र शाखेचा विद्यार्थी होतो. भरलेली गाडी ओढताना डिझेल इंजिनातून निघणारा धूर 400-500 अंशांपर्यंत तापू शकतो आणि वाळलेला पालापाचोळा 250-300 अंशांच्या आसपास पेट घेतो, हे आकडे तेव्हा पाठ नव्हते. पण तापलेला तवा आणि वाळलेलं गवत यांची गाठ पडू देऊ नये, हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोरालाही कळतं. तो पत्रा त्या दोघांच्या मधे उभा होता. त्याच्या आणि नळीच्या मधली बोटभर हवा हीच त्याची खरी राखण. मला ते कळलं होतं, पण वाजत नव्हतं तेवढ्यावर मी समाधान मानलं.

जानेवारी उलटला होता. दिवसाचं ऊन चटकायला लागलं होतं. एका फडात अर्धी गाडी भरली आणि ऊस संपला, म्हणून उरलेली भरायला दुसऱ्या फडात जायचं होतं. त्या दिवशी मीही गाडीबरोबर होतो. दुसऱ्या फडाच्या तोंडाला पाटाचं पाणी फुटून जमीन मऊ झाली होती. मागची चाकं रुतली. मामांनी पहिल्या गिअरात पाव तास गाडी रेटली, इंजिन आरडत होतं, बायका-पुरुष मागून लावत होते. शेवटी गाडी निघाली आणि फडाच्या मधोमध जाऊन थांबली. मामांनी इंजिन बंद केलं.

तोडलेल्या फडात जमीन दिसत नाही. घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं पाचट पसरलेलं असतं. वाळलेलं, खुसखुशीत. गाडी त्यातूनच आली होती आणि येताना ते खालच्या अंगानं वर रेटलं जाऊन चासीच्या आड, नळीच्या कडेनं अडकलं होतं. गाडी चालू असते तोवर खालून वारं फिरतं. थांबली की वारं थांबतं आणि सगळी धग एका जागी साठते. हेही मला मागाहून कळलं.

फडात सावली नव्हती. उभ्या गाडीची सावली तेवढी. टोळीतल्या एका बाईनं गाडीच्या मागच्या अंगाला, बॉडीच्या कडीला लुगड्याची झोळी बांधली आणि त्यात तिचं सहा-सात महिन्यांचं पोर घातलं. हे रोजचंच होतं. बैलगाडी असली तर गाडीखाली, ट्रक असला तर ट्रकच्या आडोशाला. पोर झोपलं आणि बाई मोळी बांधायला गेली. मी बांधावर बसून वाढ्याचा शेंडा चघळत होतो.

आधी वास आला. मग गाडीच्या पोटाखालून पांढरा धूर, आणि मग एकदम जाळ. पाचट पेटतं ते पेटतच नाही, पळतं. "आरं गाडी, गाडी!" असं कुणीतरी ओरडलं. मी उठून उभा राहिलो आणि उभाच राहिलो. ती बाई मात्र पळत सुटली. ती गाडीकडं बघतच नव्हती. पेटत्या पाचटातून दोन पावलं टाकून तिनं झोळीसकट पोर ओढून काढलं आणि तशीच पलीकडं गेली. पुरुषांनी ओल्या मातीच्या पाट्या मारल्या, पाटाचं पाणी घागरींनी आणलं, मामांनी जिवावर उदार होऊन गाडी चालू केली आणि मोकळ्या जागेवर काढली. उभ्या उसाच्या बाजूचं पाचट बायकांनी कोयत्यानं ओढून पट्टा मोकळा केला म्हणून आग तिकडं गेली नाही. वीस मिनिटांत सगळं विझलं. गाडीची एक फळी जळाली, मागच्या टायरला चटका बसला. पोराला काही झालं नाही. बाईचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला.

संध्याकाळी अण्णा आले. पंचांसारखे सगळे गोल उभे. फडाचा मालक म्हणाला, "ड्रायव्हरनं बिडी वढली आसंल." मामा म्हणाले, "न्हाई वढली." अण्णांनी विचारलं, "पाचटात गाडी हुबी करताना खाली बघितलं न्हाईस?" मामा खाली बघत राहिले. अण्णा मनानं वाईट नव्हते. बाईला दवाखान्यात नेलं, इंजेक्शन, मलम, सगळा खर्च केला, आठ दिवसांचा रोज दिला. पण कुणाला तरी जबाबदार धरायला लागतं, म्हणून मामांच्या पगारातले दीडशे रुपये कापले.

मी तिथं होतो आणि एक शब्द बोललो नाही.

बाई दोन दिवस कोपीत बसली. तिसऱ्या दिवशी पायाला फडकं गुंडाळून फडात आली. उचल फिटायची होती.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. सुरुवातीला तो सुटका शोधण्याचा विचार होता. म्हणजे असा की, मी काही आग लावली नाही. पत्रा काढलेली गाडी सव्वा महिना फिरली, रोज फडात गेली, काही झालं नाही. त्या दिवशी पाट फुटला नसता, चाकं रुतली नसती, बाईनं झोळी दुसरीकडं बांधली असती, तर ही गोष्टच घडली नसती आणि साठ रुपये वाचवणारा पोरगा म्हणून मी हुशार ठरलो असतो. मग दोष माझा की पाटाच्या पाण्याचा?

आपल्याकडं गावात निवाडा परिणामावर होतो. निभावलं तर "देवानं राखलं" आणि नाही निभावलं तर "अक्कल कुठं गेली हुती?" कृत्य तेच, पण एकाला प्रसाद आणि दुसऱ्याला जोडा. मला हा निवाडा बरोबर वाटत नाही. माझी चूक फडात झाली नव्हती. ती फाट्यावरच्या गॅरेजात, छिन्नीच्या पहिल्या घावालाच पुरी झाली होती. पुढं आग लागली असती किंवा नसती, त्या चुकीत गुंजभरही फरक पडत नव्हता. त्या सव्वा महिन्यात एकदाही आग लागली नाही तेव्हाही मी तितकाच चुकलेला होतो, फक्त ते कुणाला दिसत नव्हतं.

पण एवढं म्हणून भागत नाही. परिणामाला किंमतच नाही असं म्हणायला गेलं की तो भाजलेला पाय समोर येतो. आग लागली नसती तर तो भाजला नसता. म्हणून मी मनाशी दोन वेगळ्या वह्या केल्या आहेत. एक चुकीची, एक देण्याची. चूक गॅरेजात झाली, ती नशिबानं वाढत नाही की कमी होत नाही. देणं फडात झालं, आणि ते ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडं बघूनच मोजायला लागतं. नशीब आडवं आलं म्हणून सावकार देणं माफ करत नाही. मग मी ते माझं मला का माफ करावं?

दुसरी पळवाट अशी की, एकटा मीच होतो का? मिस्त्रीला माहीत होतं. मामा तिथंच उभे होते. अण्णांनी खाली वाकून बघितलं नाही. चौघांत वाटला तर माझ्या वाट्याला पाव दोष येतो. भाकरी चौघांत वाटली की वाटा लहान होतो, हे खरं. पण दोष हा विहिरीतल्या पाण्यासारखा आहे. चौघं तहानलेले असले आणि पाण्यात विष असलं, तर चौघांच्या पोटात ते जातंच. कुणालाही पावच तहान लागलेली नसते.

पुढं आठ-नऊ वर्षांनी मी मामांकडं गेलो. ते तेव्हा गाडी सोडून घरी बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. मी सगळं सांगितलं. दीडशे रुपयांचं म्हणून एक पाकीटही पुढं केलं.

मामा हसले. "मला म्हाईत न्हवतं व्हय? तितंच हुबा हुतो की मी."

"मग अण्णांना का सांगितलं नाही?"

"तुमी मालकाचं पोरगं. तुमच्या देखत तुमच्यावर बोट कसं दावायचं? आन् दुसरं सांगू का, मलाबी ती खडखड नको हुती. म्हैनाभर रांगेत निवांत झोप लागली. ती झोप मी घितली हुती, मग पैसं कापलं तर वरडायचं कशाला?"

पाकीट त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "त्या बाईला द्या." ते माझ्या हातात राहिलं नव्हतं. पुढच्याच हंगामाला मुकादम बदलला, टोळी बदलली. तिचं गाव पाटोद्याकडं कुठंतरी, एवढंच माहीत होतं. मुकादमाच्या वहीत तिचं वेगळं नावही नव्हतं. नवऱ्याचं नाव आणि पुढं एक कोयता.

मामांच्या बोलण्यानं मला एक गोष्ट दिसली. त्या सगळ्या माणसांत खरं बोलणारा एकटा तो पत्राच होता. मामा मालकाच्या पोराला भीत होते. मिस्त्रीला गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं. बाई उचलीत बांधलेली. पत्र्याला कुणाचं काही देणं नव्हतं. तो सुटला होता आणि रात्रंदिवस सांगत होता की मी सुटलोय, मला बांधा. आम्ही त्याला गप्प केलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं, त्रास आमच्या कानाला होत होता म्हणून आम्ही कानाचा इलाज केला.

तेव्हापासून कटकट करणाऱ्या माणसाकडं मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो. ग्रामसभेत दर वेळी उठून तेच ते विचारणारा म्हातारा, शाळेच्या गळक्या छपराबद्दल सारखी बोलणारी बाई, घरात एकाच गोष्टीवरून धुसफुसणारी सून. सगळे बरोबर असतात असं नाही. काही नुसतेच वाजतात, हेही मी बघितलं आहे. पण कुठला आवाज नुसता आहे हे वाकून, खाली जाऊन, हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि वाकायचा कंटाळा हाच बहुतेक वेळा आपला खरा निर्णय असतो. बाकीचं आपण मागाहून जुळवतो.

मामांकडून आलो त्या रात्री मी अण्णांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "पत्रा नव्हता ते मला दुसऱ्या दिवशीच दिसलं. मी इचारलं असतं तर तू काय बोलला असतास, ह्येची भीती वाटली." म्हणजे त्या गोल उभ्या माणसांत गप्प बसलेले आम्ही किती होतो ते मोजतच राहावं.

आगीनंतर आठवड्याभरातच अण्णांनी नवा पत्रा बसवून घेतला होता. त्याच मिस्त्रीकडून, अर्धा दिवस घालवून, जवळ उभं राहून. वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आधी सोडून घेतल्या, मोठे वायसर टाकले, दोन पट्ट्या आवळल्या. मिस्त्रीनं जाताना सांगितलं की पत्रा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्या वरच्या फटीत पाचट अडकलं तर तेच पेटेल, रोज काडीनं काढत चला. पुढं जितके हंगाम गाडी चालली तितके दिवस मामा संध्याकाळी गाडी गार झाली की एक लांब तार घेऊन खाली शिरायचे. दोन वर्षांनी तोही पत्रा थोडा वाजायला लागला. अण्णा म्हणाले, "वाजतोय, म्हंजी हाय अजून. जा, आवळून आण."

गाडी शेवटी भंगारात गेली. न्यायला आलेला माणूस वजनाचा हिशेब करत होता, तेव्हा मी एकदा खाली वाकून बघितलं. पत्रा होता. त्याच्या कडेला, नळीच्या वर, वाळलेल्या पाचटाची एक पात अडकलेली होती. ती मी हातानं ओढून काढली आणि बाजूला झालो.